व्हिटॅमिन ईची हिरवी कॅप्सूल मागण्यापूर्वी

‘ती हिरवी गोळी द्या’ एवढं म्हटलं तरी आम्हा औषध दुकानदारांना कळतं. तरीही आम्ही विचारतो, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? बहुतेक जण पटकन ‘नाही’ म्हणतात, आणि घोळ तिथेच होतो. घरात त्या गोळीला कुणी असं म्हणतच नाही. ती असते ‘हार्टची गोळी’, नाहीतर ‘रात्री जेवणानंतरची छोटी’. गोळ्यांच्या पत्त्यामागे (पाकिटाच्या पाठीमागे) अ‍ॅस्पिरिन 75, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, असेनोकुमॅरॉल किंवा रिव्हरॉक्झाबॅन यांपैकी काहीही छापलेलं असेल, तर उत्तर ‘हो’ आहे. कोलेस्टेरॉलच्या काही कॅप्सूलमध्येही अ‍ॅस्पिरिन घातलेलं असतं. नावापुढची बारीक अक्षरं वाचा.

व्हिटॅमिन ई जास्त प्रमाणात गेलं की रक्त गोठायला वेळ लागतो. त्यात वरच्यापैकी एखादं औषध चालू असलं, तर ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येणं, न लागता अंगावर काळेनिळे डाग उठणं, शौचाला काळं होणं असे प्रकार होऊ शकतात. असं काही दिसलं तर कॅप्सूल थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही सुरूच करू नये. ऑपरेशन ठरलं असेल किंवा दात काढायचा असेल, तरी आधी सांगा. ऑपरेशनपूर्वी ही साधारण दोन आठवडे बंद ठेवायला सांगतात.

म्हणून घरून निघताना चालू औषधांच्या पत्त्यांचा मागच्या बाजूने फोटो काढून आणा. फोटो नसला की आम्ही घरी फोन लावायला सांगतो, घरचे कपाट उघडून नावं वाचतात, आणि मागे रांग वाढते. ‘साध्या व्हिटॅमिनला एवढी चौकशी?’ हे रोज ऐकतो. चौकशी थांबणार नाही.

आता प्रमाण. अमेरिकेतल्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दिवसाला 15 मिलिग्रॅम ई पुरतं. 400 युनिटच्या कृत्रिम ई असलेल्या एका कॅप्सूलमधून शरीराला वापरता येण्याजोगं सुमारे 180 मिलिग्रॅम मिळतं, म्हणजे रोजच्या गरजेच्या बारापट. हे चरबीत विरघळणारं व्हिटॅमिन आहे. सी सारखं जास्तीचं लगेच लघवीवाटे निघून जात नाही, साठतं. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत पुरुषांना रोज 400 युनिट ई दिलं होतं. 2011 च्या निष्कर्षांनुसार त्यांच्यात प्रोस्टेटचा कॅन्सर 17 टक्क्यांनी जास्त आढळला. तेव्हा ‘केसांसाठी’ म्हणून वर्षभर रोज घेऊ नका. फॅटी लिव्हरच्या काही रुग्णांना डॉक्टर 800 युनिटपर्यंत देतात, ते त्यांच्या तपासण्या बघून. त्यांची चिठ्ठी शेजाऱ्यांना चालत नाही. मल्टिव्हिटॅमिन किंवा ‘स्किन-हेअर’ची गोळी चालू असेल तर तीही दाखवा, तिच्यातही बहुधा ई असतंच.

डॉक्टरांनी दिली असेल तर तूप-तेल असलेल्या जेवणानंतर घ्या. सकाळी चहाबरोबर उपाशीपोटी घेतली तर नीट शोषली जात नाही. चिठ्ठीवर 200 लिहिलं असेल तर 200 चीच मागा, आम्ही ठेवतो. दोन दिवसांनी एक 400 घ्यायचा हिशेब स्वतः मांडू नका.

टोचून चेहऱ्याला लावायला नेणाऱ्यांसाठी: आतलं तेल दाट असतं, तेलकट त्वचेवर पुटकुळ्या येतात, काहींना पुरळही उठतो. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस बघा. त्यासाठी अख्खा पत्ता लागत नाही, दोन कॅप्सूल कापून देतो.

रोजच्या गरजेपुरतं ई स्वयंपाकघरात मिळतं. एक टेबलस्पून करडईच्या तेलात साधारण साडेचार मिलिग्रॅम, मूठभर बदामांत सात. ही वस्तू आम्ही विकत नाही, शेजारच्या वाण्याकडे जा.

कवच बहुधा जिलेटिनचं असतं. हिरवा रंग म्हणजे शाकाहारी नव्हे. कवच उन्हाने मऊ होऊन चिकटतं, म्हणून पत्ता गाडीच्या डिकीत ठेवू नका. चिकटलेला किंवा कापलेला पत्ता परत घेत नाही. कापून देताना बॅच आणि एक्स्पायरीचा तुकडा आमच्याकडे राहिला, तर दोन्ही पाकिटावर लिहून मागा.