बेळगावात कोण कुठे राहतो: कॅम्पपासून गुंठ्याच्या प्लॉटपर्यंत

बेळगावात पत्ता सांगितला की ऐपतीचा अंदाज बांधला जातो. ही विभागणी बिल्डर येण्याआधीची आहे. ती जमीन कुणाच्या ताब्यात होती, यावरून पडली.

1818 मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला आणि पुढे कॅम्प, म्हणजे लष्करी छावणी, वसला. साहेबांना ऐसपैस आवारातले बंगले, त्यांना माल आणि माणसं पुरवणाऱ्यांना दाटीचा बाजार. कॅम्पची जमीन लष्कराकडे राहिल्याने तिचे तुकडे पडले नाहीत. जुन्या गावातल्या गल्ल्यांत मात्र भावाभावांत वाटण्या होत घरं अरुंद झाली. शाहापूर तर 1948 पर्यंत सांगली संस्थानात होतं. शाहापूर-वडगावच्या विणकरांचं घर आणि माग एकाच छपराखाली.

ठळकवाडी, म्हणजे आजची टिळकवाडी, वेगळ्या विचाराने वाढली: राहणं एकीकडे, कारखाना दुसरीकडे. तिच्या विस्तारासाठी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखाना हलवावा लागला आणि 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. नोकरदारांना प्लॉट मिळाले, शहराने कारखाना गमावला. ही किंमत फार मोठी होती.

आता कोण कुठे राहणार, ही विभागणी प्लॉटचं माप करतं. एक एकर म्हणजे 40 गुंठे, 43,560 चौरस फूट. रस्ते-बागेसाठी 45 टक्के सोडले तर 40 बाय 60 फुटांचे जेमतेम 10 प्लॉट बसतात, 20 बाय 30 चे 40. लेआउटमध्ये छोटी मापं किती ठेवली, यावरच तिथे हमाल किंवा मागावरचा कामगार राहू शकेल की नाही, हे ठरतं.

ज्यांना ते परवडत नाही ते शेतातला एखादा गुंठा बाँडवर, म्हणजे नुसत्या स्टँप पेपरवरच्या करारावर, घेतात. जमीन एनए (बिगरशेती) झालेली नसते, म्हणून खरेदी नोंदली जात नाही, उताऱ्यावर जुनंच नाव राहतं, बँक कर्ज देत नाही. 1956 मध्ये जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला आणि आज उतारा कन्नडमध्ये मिळतो. मराठी शाळेत शिकलेल्या जुन्या खरेदीदाराला 11व्या रकान्यातला बोजा, म्हणजे जमिनीवरचं कर्ज, वाचताच येत नाही. पैसे देण्याआधी तो रकाना कन्नड जाणणाऱ्याकडून वाचून घ्यायलाच हवा.

अशा जमिनी स्वस्त असतात, कारण बऱ्याचदा त्या सखल असतात. बळ्ळारी नाला फुगला की शाहापूर-वडगावची शिवारं पाण्याखाली जातात. त्याच सखल भागात नवी घरं उठतात आणि गटाराचा पाइप मात्र शेवटी येतो.