अ‍ॅडमिन पॅनेलमध्ये रोल वेगळा आणि टेनंट वेगळा

पॅनेल बनवायला घेतलं की बहुतेक जण आधी रोल तयार करतात, मालक, मॅनेजर, अकाउंटंट वगैरे, आणि मग दुसरा ग्राहक आला की "मालक २" असा अजून एक रोल टाकून मोकळे होतात, म्हणे झाली मल्टी-टेनन्सी, म्हणजे एकाच अ‍ॅपमध्ये अनेक ग्राहक आणि प्रत्येकाचा डेटा वेगळा. असं प्लीज करू नका.

माणूस काय काय करू शकतो हे रोल सांगतो, म्हणजे बिल बनवणं, डिलीट करणं, रिपोर्ट बघणं. हे सगळं कुणाच्या डेटावर चालणार ते टेनंट, म्हणजे अ‍ॅप वापरणारा एकेक ग्राहक, सांगतो. दोन्ही गोष्टी प्रत्येक रिक्वेस्टला तपासाव्या लागतात, एक तपासली म्हणून दुसरी आपोआप तपासली जात नाही.

आपल्या इंदूरचंच बघा. एमटी क्लॉथ मार्केटमधल्या कापडवाल्यांसाठी बिलिंगचं अ‍ॅप आहे असं धरा, डेटाबेस एकच, आणि प्रत्येक पेढी म्हणजे एक टेनंट. पहिल्या पेढीचा मॅनेजर यूआरएलमधला बिलाचा आयडी बदलून दुसऱ्या पेढीचं बिल उघडतो. तुमचा कोड विचारतो, मॅनेजरला बिल बघायची परवानगी आहे का? आहे. मग उघडलं! रोलची तपासणी अगदी बरोबर चालली आणि तरी एका व्यापाऱ्याचे भाव दुसऱ्याला दिसले, आणि बाजारात भाव फुटणं म्हणजे काय हे व्यापाऱ्याला विचारा. ओवास्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०२१च्या टॉप टेन यादीत ब्रोकन अ‍ॅक्सेस कंट्रोल पहिल्या नंबरवर आहे आणि हा प्रकार त्यातच मोडतो.

आता खरी गुंतागुंत. हिशेब लिहिणारा माणूस एकाच पेढीचा नसतो, सकाळी एकीकडे, दुपारी दुसरीकडे, आणि तिसऱ्या पेढीत तर तो स्वतःच भागीदार. मग त्याचा रोल काय लिहाल? यूजर टेबलमध्ये रोलचा कॉलम ठेवला असेल तर इथे अडकलात, कारण एक तर तो सगळीकडे अकाउंटंट होतो नाहीतर सगळीकडे मालक. रोल मधल्या टेबलमध्ये हवा: यूजर, टेनंट, रोल, अशी एक ओळ प्रत्येक पेढीसाठी. लारावेल या पीएचपी फ्रेमवर्कवाल्यांनी रोल सांभाळणारं स्पाटीचं परमिशन पॅकेज घेतलं तर त्यात याचसाठी टीम्स नावाची सोय आहे, पण ती मुळात बंद असते, मायग्रेशन, म्हणजे टेबलं बनवणारा कोड, चालवायच्या आधीच कॉन्फिगमध्ये चालू करा, नंतर कॉलम घुसवत बसणं फार कटकटीचं.

लारावेलमध्ये पॅनेल बनवायला फिलामेंट वापरत असाल तर त्यात टेनन्सी आहेच. यूजर मॉडेलमधलं गेट-टेनंट्स हे मेनूत कुठल्या पेढ्या दाखवायच्या ते ठरवतं, यूआरएलमध्ये हाताने दुसरी पेढी टाकणाऱ्याला अडवतं ते कॅन-अ‍ॅक्सेस-टेनंट. ते घाईत नुसतं "ट्रू" लिहून सोडू नका. आणि प्रत्येक यूजर एकाच पेढीचा असेल तर एवढा पसारा लागतच नाही, ग्लोबल स्कोप, म्हणजे मॉडेलच्या प्रत्येक क्वेरीला आपोआप लागणारी अट, आणि नवीन रेकॉर्डवर टेनंट आयडी भरणारा ऑब्झर्व्हर पुरतो.

ग्लोबल स्कोप लावला तरी युनिक व्हॅलिडेशनवर नीट लक्ष द्या. लारावेलचा युनिक नियम ग्लोबल स्कोप बघत नाही, म्हणून एका पेढीने बिल नंबर १०१ टाकला की दुसरीला "हा नंबर आधीच आहे" असं येतं. टेनंट आयडी आणि बिल नंबर दोन्ही मिळून युनिक इंडेक्स करा आणि व्हॅलिडेशनमध्येही टेनंटची अट घाला. क्यूमधल्या, म्हणजे मागे नंतर चालणाऱ्या, जॉबला तर कुणी लॉगिन केलेलं नसतं, त्याला टेनंट आयडी सोबत द्यावाच लागतो.

डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर त्यात ९.५ पासून रो-लेव्हल सिक्युरिटी आहे, म्हणजे टेबलातली कुठली ओळ कुणाला दिसेल याचे नियम डेटाबेसमध्येच लिहिता येतात, कोडमध्ये अट राहून गेली तरी डेटाबेस अडवतो. फक्त अ‍ॅप टेबलच्या ओनर अकाउंटने जोडलेलं नसावं, ओनरला हे नियम मुळात लागू होत नाहीत, फोर्स केल्याशिवाय.

टेस्ट लिहिताना दोन पेढ्या आणि दोन्हीकडे मालक रोलचेच यूजर घ्या, एकाने दुसऱ्याचं बिल मागितलं की ४०४, म्हणजे "सापडलं नाही", यायला पाहिजे. ४०३, म्हणजे "परवानगी नाही", नको, त्यातून तसं बिल आहे हे तरी कळतंच.