चालण्याचा हिशेब: बोरेल्लीपासून जयपूर फूटपर्यंत

कोपर काटकोनात वाकवून तळहातावर 5 किलोची पिशवी धरा. दंडाचा स्नायू हाताला कोपरापासून जेमतेम 4-5 सेंटीमीटरवर जोडलेला असतो आणि पिशवी असते 30 सेंटीमीटरच्याही पुढे. म्हणून स्नायूला भाराच्या कित्येक पट जोर लावावा लागतो. हाडं म्हणजे तरफा, हे धरून असा हिशेब इटलीच्या जोव्हान्नी बोरेल्लीने मांडला. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, 1680-81 मध्ये रोमला छापला गेला. बायोमेकॅनिक्सची म्हणजे जैवयांत्रिकीची, शरीराच्या हालचालींमागची बलं मोजणाऱ्या शास्त्राची सुरुवात सहसा तिथून सांगतात.

चालण्याचं कोडं मात्र लांबलं, कारण पाऊल डोळ्यांना नीट पकडताच येत नव्हतं. पुढे येणारा पाय लंबकासारखा आपोआप झुलतो, असं जर्मनीतल्या वेबर बंधूंनी 1836 मध्ये सांगितलं. ते पटण्यासारखं होतं आणि बरीच वर्षं टिकलं.

1891 मध्ये जर्मनीतल्याच लाइपझिगला शरीररचनातज्ज्ञ ब्राउने आणि गणितज्ञ फिशर यांनी त्याचा छडा लावायला घेतला. एका माणसाला काळे कपडे घालून त्याच्या हातापायांना उजळणाऱ्या काचेच्या नळ्या बांधल्या. ही बांधाबांधच सहा ते आठ तास चाले. मग रात्रीच्या अंधारात तो मोजकी पावलं चालला आणि लुकलुकणाऱ्या नळ्यांच्या रेघा चार कॅमेऱ्यांनी टिपल्या. ब्राउने पुढच्याच वर्षी वारला. फिशर एकटा, हाताने आकडेमोड करत 1904 पर्यंत निष्कर्ष छापत राहिला: पाय नुसता झुलत नाही, स्नायू त्याला हलवतात. चार पावलांसाठी इतकी वर्षं! या विषयातला सगळ्यात थोर प्रयोग मला हाच वाटतो. आज प्रयोगशाळेत खेळाडूंच्या अंगावर चमकते ठिपके चिकटवतात, त्यामागे तीच युक्ती आहे.

पण अभ्यास झाला तो मुख्यतः सपाट जमिनीवरच्या सरळ चालीचा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पाय गमावलेल्या सैनिकांसाठी संशोधन वाढलं. त्यातून आलेलं कृत्रिम पाऊल बुटात घालायचं होतं, घोट्यात जवळपास ताठ. आता टाचा न उचलता उकिडवं बसून बघा, घोटा किती दुमडतो ते. आपल्याकडच्या शेतकऱ्याला त्या पावलाचा काय उपयोग? जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी 1968 च्या सुमारास रबराचं लवचीक पाऊल घडवलं, तेच जयपूर फूट. ते घालून उकिडवं बसता येतं, मांडी घालता येते आणि अनवाणी चिखलातही उतरता येतं.