फायब्रॉइडची कुळकथा: एका एन्झाइमने दिलेली साक्ष

‘पिशवीला गाठ आहे’ हे सोनोग्राफीनंतर ऐकलं की पहिली भीती कर्करोगाची वाटते. फायब्रॉइडच्या बाबतीत ती बहुतेक वेळा फोल ठरते. ही गाठ गर्भाशयाच्या स्नायूचीच, हे १९व्या शतकात जर्मन पॅथॉलॉजिस्ट रुडॉल्फ विरखोव यांनी सांगितलं. पण एकाच पिशवीत अनेक गाठी का होतात? एकीतून दुसरी फुटते का? याचं उत्तर पुढे एका एन्झाइमने दिलं.

त्याचं नाव जी६पीडी. मलेरियावरचं प्रायमाक्विन हे औषध देण्याआधी तपासतात तेच. त्याचा जीन एक्स गुणसूत्रावर असतो, आणि स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स चालू राहतो, असं ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडलं होतं. म्हणजे आईकडून एन्झाइमचा ‘ए’ आणि वडिलांकडून ‘बी’ प्रकार आलेल्या बाईच्या स्नायूत दोन्ही प्रकारच्या पेशी मिसळलेल्या असणार. अमेरिकेत लिंडर आणि गार्टलर या संशोधकांनी १९६५ मध्ये अशाच स्त्रियांची गर्भाशयं तपासली. निरोगी तुकड्यात ए आणि बी दोन्ही निघाले. गाठीत मात्र नुसता ए, नाहीतर नुसता बी. प्रत्येक गाठ एकाच पेशीची संतती! शिवाय एकाच बाईच्या काही गाठी ए, तर काही बी. त्या एकमेकींपासून फुटलेल्या असत्या तर असं दिसलं नसतं. (प्रयोगशाळांतल्या कित्येक पेशी प्रत्यक्षात घुसखोर ‘हेला’ पेशी, म्हणजे प्रयोगशाळांत वाढवल्या जाणाऱ्या एका कर्करोगाच्या पेशी, आहेत, हेही गार्टलर यांनी पुढे याच एन्झाइमवरून पकडलं.)

मग प्रश्न आला खुराकाचा. पाळी गेल्यावर गाठी आक्रसतात, म्हणून संशय इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर होताच. १९८० आणि ९०च्या दशकांत दिसलं की इस्ट्रोजेन बनवणारं अरोमाटेज खुद्द गाठीतही असतं, आणि शेजारच्या निरोगी स्नायूपेक्षा जास्त. गाठ फक्त अंडाशयाच्या जिवावर जगत नाही, थोडं घरीच शिजवते. अरोमाटेज रोखणारं लेट्रोझोल हे औषध वापरून पाहण्यामागे हाच विचार आहे.

२००२ मध्ये उलटी गोष्ट समोर आली. काही घराण्यांत फ्युमरेट हायड्रेटेज या एन्झाइमचा जीन जन्मतःच सदोष असतो. गाठीत त्याची उरलेली चांगली प्रतही जाते आणि एन्झाइमचं काम जवळजवळ थांबतं. अशा घरांत त्वचेवर गाठी आणि मूत्रपिंडाचा कर्करोगही आढळतो. २०११ मध्ये हेलसिंकीच्या गटाला सुमारे ७० टक्के फायब्रॉइडमध्ये एमईडी१२ या जीनमधला बदल सापडला, तो वारशाने येत नाही. फ्युमरेट हायड्रेटेजचा दोष मात्र वारशाने येऊ शकतो. म्हणूनच तरुण बाईची गाठ पॅथॉलॉजीत वेगळी दिसली, तर फ्युमरेट हायड्रेटेज आहे की नाही हे तपासतात. नसेल तर जनुकीय तपासणी सुचवतात, आणि वारसा निघालाच तर मूत्रपिंडांवर आयुष्यभर नजर ठेवतात.