स्लॅब फोडणाऱ्यांचा इतिहास

मराठी माणसाला स्लॅब म्हटलं की घराचं छत आठवतं. खेळाडूंची वगैरे छापील कार्डं जमवणाऱ्यांच्या बोलीत स्लॅब म्हणजे तळहातावर मावणारी, कडक पारदर्शक प्लास्टिकची बंद डबी. आत एक कार्ड, वर लेबल, लेबलावर 1 ते 10 मधला एक आकडा, म्हणजे कार्ड किती चांगल्या अवस्थेत आहे याचे गुण. ही डबी उघडण्यासाठी नसतेच. दोन्ही अर्धुकं गुण देणाऱ्या कंपनीतच एकमेकांना वितळवून चिकटवलेली असतात. तरी लोक ती फोडतात. लेबलाच्या बाजूचा कोपरा कटरने कुरतडायचा, कारण तिथून कार्ड सगळ्यात लांब असतं. मग फटीत चपटा स्क्रूड्रायव्हर घालून हळूच पिळायचा. कट् असा आवाज होतो आणि पुढचे दोन सेकंद फोडणारा श्वास रोखून असतो, कारण प्लास्टिकची एक कपची कार्डाच्या कोपऱ्याला लागली तर खेळ तिथेच संपला. कार्ड सुखरूप निघालं की ते पातळ प्लास्टिकच्या पाकिटात घालून दुसऱ्या कंपनीकडे, कधी त्याच कंपनीकडे, वरचा आकडा मिळेल या आशेने पुन्हा ग्रेडिंगला, म्हणजे गुण घ्यायला, जातं.

बारावीचा पेपर पुनर्मूल्यांकनाला टाकतात, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की इथे आधीचे गुण खोडून पेपर कोराच आहे असं दाखवता येतं. सगळी गंमत आणि सगळी गडबड त्या खोडण्यात आहे.

हा उद्योग कार्डांच्या बाजारात जन्मलेला नाही. तो अमेरिकेतल्या नाण्यांच्या बाजारातून आला. 1949 मध्ये विल्यम शेल्डन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने तिथल्या जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी 1 ते 70 अशी मोजपट्टी मांडली. (हेच गृहस्थ न्यूयॉर्कच्या एका नामांकित संग्रहातली चांगली नाणी काढून तिथे आपली हलकी नाणी ठेवत होते, हे पुढे उघडकीस आलं.) मोजपट्टी सगळ्या नाण्यांना लागू झाली, पण आकडा ठरवायचा कोणी? विकताना व्यापाऱ्याला नाणं 65 चं दिसायचं आणि तेच परत विकायला नेलं की 63 चं. या दोन आकड्यांच्या किमतीत मोठी तफावत असायची, आणि ती गिऱ्हाइकाच्या खिशातून जायची.

यावर तोडगा म्हणून 1986 मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिड हॉल आणि इतर काही व्यापाऱ्यांनी पीसीजीएस ही कंपनी सुरू केली. त्रयस्थाने नाणं पाहायचं, आकडा द्यायचा, डबीत बंद करायचं. तो आकडा मानून नाणं न पाहताही खरेदी करायला व्यापारी तयार होते. पुढच्याच वर्षी, 1987 मध्ये, पीसीजीएसच्याच संस्थापकांपैकी जॉन अल्बानीज यांनी एनजीसी काढली. आता दोन परीक्षक झाले. दोन परीक्षक म्हटले की एकाने नापास केलेल्याला दुसऱ्याकडे न्यायचं, हे ओघानंच आलं. भांडण मिटवायला आणलेल्या डबीने नवा धंदा उभा केला तो असा. दोन आकड्यांच्या मधल्या पायरीवरची नाणी हेरायची, डबी फोडायची आणि वरचा आकडा मिळेपर्यंत पाठवत राहायचं. ग्रेडिंगची फी काही डॉलर, वरच्या आकड्याचा फायदा काही हजार. अशा हिशेबात पाच वेळा हरून सहाव्यांदा जिंकलं तरी चालतं.

यात दोन गोष्टी नासल्या. एकेका आकड्याची किती नाणी आहेत याची जी यादी कंपन्या छापतात, तिला पॉप रिपोर्ट म्हणतात. फोडणाऱ्याने जुनं लेबल परत पाठवलं नाही तर एकच नाणं त्यात चार-पाच वेळा मोजलं जातं. आणि वरच्या पायरीवर पोचलेलं नाणं कोणी पुन्हा फोडत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं काठावरची नाणी वरच्या खणात साचत गेली. शेवटी 2007 मध्ये त्याच अल्बानीज यांनी सीएसी काढली. डबीतलं नाणं लेबलावरच्या आकड्याला खरोखर शोभतं का, ते बघून डबीवर हिरवं स्टिकर लावायचं, हे तिचं काम. परीक्षकावर परीक्षक! ब्रिटिशकालीन रुपये अशाच डब्यांतून मुंबईतल्या लिलावांतही येतात, त्यामुळे आपल्याकडच्या नाणेवाल्यांना ही भानगड नवी नाही.

कार्डांकडे ही पद्धत 1991 मध्ये आली, तीही हॉल यांच्याच गोटातून. कंपनीचं नाव पीएसए. नंतर 1998 मध्ये एसजीसी आणि 1999 मध्ये बेकेट या कंपनीची बीजीएस. बीजीएसने अर्धे गुण आणले आणि सेंटरिंग (छपाई किती मधोमध आहे), कोपरे, कडा, पृष्ठभाग असे चार वेगळे गुण लेबलावर छापले. तिचा हेतू पारदर्शकतेचा होता. फोडणाऱ्यांना मात्र तो नकाशाच मिळाला. 9.5 च्या डबीवर चारही गुण 9.5 किंवा वरचे दिसले की हे कार्ड पीएसएकडे 10 होईल, असा अंदाज बांधता येऊ लागला. पीएसएच्या पट्टीत 9.5 नाहीच. 2008 मध्ये तिने अर्धे गुण आणले, तेही 1.5 ते 8.5 इतकेच. म्हणजे 9 आणि 10 च्या मध्ये पायरी नाही, थेट डोंगराचा कडा आहे, आणि बाजारात 10 ला जो मान तो 9 ला नाही.

डबी न फोडता दुसऱ्या कंपनीकडे जायची सोय आहे. तिला क्रॉसओव्हर म्हणतात. किमान अमुक आकडा मिळाला तरच डबी बदला, नाहीतर आहे तशी परत करा, असं लिहून देता येतं. मग फोडतात कशाला? कारण प्लास्टिकमधून कार्ड नीट दिसत नाही, आणि प्रतिस्पर्ध्याचं लेबल समोर असताना परीक्षकाचा हात आखडतो, अशी फोडणाऱ्यांची पक्की समजूत आहे. मला ती निम्मी तरी खरी वाटते. उघड्या कार्डाला भूतकाळ नसतो, पण त्याला तळही नसतो. 9.5 चं कार्ड 8 होऊन येऊ शकतं, किंवा पीएसएचा ‘एन1’ हा शेरा घेऊन येतं: कड नवी दिसावी म्हणून छाटल्याचा संशय, आकडा नाही.

2021 च्या मार्चअखेरीस पीएसएने बहुतेक सेवा बंद केल्या. टाळेबंदीत लोकांनी माळ्यावरचे खोके उघडले होते. आधीच्या तीन महिन्यांत आली नव्हती इतकी कार्डं तीन दिवसांत आली, असं कंपनीच्या प्रमुखांनीच सांगितलं. अडलेली कार्डं एसजीसीकडे, बीजीएसकडे, नुकत्याच कार्डांत उतरलेल्या सीजीसीकडे गेली. पीएसएची दारं पुन्हा उघडल्यावर त्याच डब्यांवर कटर चालले. 2023 मध्ये सीजीसीने आपली पट्टीच बदलली आणि जुन्या लेबलावरचा 9.5 व नव्या लेबलावरचा 9.5 यांचा अर्थ वेगळा झाला. त्यातून आणखी फोडाफोड.

फोडणं बेकायदा नाही. कार्ड तुमचं, डबी तुमची. पण भूतकाळ पुसण्याची सोय झाली की ती वापरणारे दुसरेही येतात. 2019 मध्ये काही चिकाटीच्या संग्राहकांनी जुन्या लिलावांतली छायाचित्रं नव्यांशी ताडून पाहिली. छपाईतला सुईच्या टोकाएवढा शाईचा ठिपका, कागदातला एखादा धागा, किंचित तिरकी पडलेली छपाई. ठिपका तोच, धागा तोच, पण खालच्या आकड्याच्या डबीतून निघालेलं कार्ड वरच्या आकड्याच्या डबीत बसताना कडेला अंमळ कमी झालेलं. अशी शेकडो कार्डं निघाली आणि प्रकरण अमेरिकेच्या केंद्रीय तपासयंत्रणेपर्यंत गेलं. 2021 मध्ये पीएसएच्या मालक कंपनीने जेनामिंट विकत घेतली. कार्डाच्या प्रतिमेवरून हे कार्ड पूर्वी येऊन गेलंय का हे ओळखायचं, हे तिचं तंत्र. उघड्या कार्डाचाही भूतकाळ आता कुठेतरी साठवलेला असतो.

आणि पीएसएने सगळ्यात आधी ग्रेड केलेलं कार्ड? ते 1909 ते 1911 च्या सिगारेटच्या पाकिटांतलं, बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं. 1991 च्या लिलावात हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या संघाचे तेव्हाचे मालक ब्रूस मॅकनॉल यांनी ते 4,51,000 डॉलरला घेतलं, पीएसएने त्याला 8 दिला, आणि 2007 मध्ये ते 28 लाख डॉलरला गेलं. 1991 च्या आधी ते ज्यांच्या हातून गेलं होतं त्या लिलाववाल्या बिल मास्ट्रो यांनी 2013 मध्ये गुन्हा कबूल करताना सांगितलं की कार्डाच्या कडा आपणच छाटल्या होत्या. 2015 मध्ये त्यांना लिलावांतल्या फसवणुकीबद्दल 20 महिन्यांची कैद झाली. कार्ड आजही 8 चंच आहे. ती डबी मात्र कोणी फोडणार नाही.