मळमळलं म्हणजे गुण आला, असं नाही

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या काकूंनी चिनी जडीबुटीचा काढा सुरू केला की शेजारी हमखास सांगतात, "मळमळतंय ना? विष बाहेर पडतंय, सोडू नका."

हे साफ चूक आहे. औषधाने भोवळ आली नाही तर रोग हटत नाही, असं वचन प्राचीन चिनी ग्रंथात आहे खरं. पण वचन म्हणजे पुरावा नव्हे. मा-हुआंग या चिनी औषधी वनस्पतीत इफेड्रिन हे उत्तेजक द्रव्य असतं. त्याने छाती धडधडते, रक्तदाब चढतो, झोप उडते. यात कसलं आलंय विष बाहेर पडणं!

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन घटवण्याच्या औषधात एका चिनी मुळीऐवजी ॲरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती गेली. कित्येक बायकांची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला.

पोट जरासं बिघडलं तरी देणाऱ्याला विचारा. लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसले, अंगावर पुरळ उठलं, तर काढा तिथेच थांबवा आणि पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा.