क्रूझर घ्यायला येण्याआधी: चाक, फ्रेम आणि ‘जरा मोठीच द्या’

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी

सायकलच्या दुकानात इंग्रजी पत्रक आहेच. हे वेगळं लिहायला घेतलं, कारण एक चूक आपली मंडळी इतरांपेक्षा जास्त करतात आणि ती निस्तरण्यात आमचे दर सीझनला कितीतरी शनिवार जातात. बीएमएक्स (उंचवट्यांच्या ट्रॅकवरची छोट्या सायकलींची शर्यत) म्हणजे काय, सुरुवातीचं गेट कसं पडतं, मोटोत, म्हणजे एकेका फेरीत, आठ जण कसे सुटतात, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. मुलाला ट्रॅकवर सोडून गाडीत बसून राहणारे बाबा आता स्वतःच हेल्मेट शोधायला लागलेत, तेव्हा ते माहीत असणारच.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. अमेरिकेत ‘क्रूझर’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर समुद्रकिनाऱ्यावरची रुंद सीटची, आरामात चालवायची सायकल येते. ती ही नव्हे. शहरात पोरं पुढचं चाक उचलून मिरवतात त्या २९ इंची ‘बिग रिपर’सारख्या सायकलीही या नव्हेत, जरी त्या बनवणारी एसई कंपनी बीएमएक्सच्याच घराण्यातली आहे. त्याच कंपनीची ‘ओएम फ्लायर’ ही जुनी २६ इंची सायकल. ओएम म्हणजे ‘ओल्ड मॅन’, हे कंपनीचे संस्थापक स्कॉट ब्राइटहॉप्ट यांचं टोपणनाव. चाळिशीतल्या ग्राहकांना आम्ही ही गोष्ट आवर्जून सांगतो, म्हणजे त्यांचा संकोच जातो. पण आज शर्यतीतली क्रूझर म्हटलं की ती २४ इंची. नेहमीची बीएमएक्स २० इंची, आणि ऑलिम्पिकमध्ये २००८ च्या बीजिंगपासून दिसते ती हीच २० इंची. क्रूझरचा गट निराळा असतो. इथल्या शर्यती भरवणारी संस्था यूएसए बीएमएक्स, तिच्या शर्यतींत २० इंचीला नोव्हिस, इंटरमीजिएट, एक्स्पर्ट अशा पायऱ्या आहेत. क्रूझरला फक्त वयाचा गट. म्हणजे तुमच्याच वयाचा, पण वीस वर्षं सायकल हाणलेला गडी शेजारच्या लेनमध्ये उभा असू शकतो. तयारी ठेवा.

आता ती चूक.

आपल्याकडे सायकल घेताना एकच प्रश्न विचारला जातो: पाय टेकतात का? सांगली-साताऱ्यात आम्हीही असंच शिकलो. त्याआधी तर मोठ्यांच्या सायकलीच्या नळीखालून पाय घालून, हाफ पायडल मारत. त्यामुळे ‘सायकल मोठी असली तर काय बिघडलं, पोरगं वाढतंय की’ हे आपल्या हाडीमासी भिनलेलं आहे. शाळेचा गणवेश दोन बोटं मोठा, बूट एक नंबर मोठे, सायकल एक माप मोठी. रस्त्यावरच्या सायकलीला हे एक वेळ चालून जातं. सीट खाली करायची आणि दोन वर्षं ढकलायची.

बीएमएक्सला ते चालत नाही, आणि का चालत नाही ते पटकन लक्षातही येत नाही. कारण या सायकलीवर पाय सगळ्यांचेच टेकतात. फ्रेम ठेंगणी असते, सीट अगदी खाली, कारण शर्यतीत सीटवर कोणी बसतच नाही. चार फूट सात इंचाचा मुलगा प्रौढांच्या फ्रेमवर उभा राहिला तरी दोन्ही टाचा जमिनीला लागतात, आणि बाबा म्हणतात, ‘बसली की व्यवस्थित!’ बसली नाही. उंचीला बसली, लांबीला नाही. बीएमएक्सचं माप लांबीत असतं.

लांबी म्हणजे फ्रेमची वरची नळी, हँडलच्या बाजूपासून सीटच्या नळीपर्यंत. मिनी, ज्युनिअर, एक्स्पर्ट, एक्स्पर्ट एक्सएल, प्रो, प्रो एक्सएल ही नावं या लांबीची आहेत. ती चालवणाऱ्याच्या कौशल्याची नव्हेत. ‘आमचा आर्यन आता एक्स्पर्ट झाला, एक्स्पर्ट फ्रेम द्या’ असं म्हणणारे दरवर्षी दोन-तीन तरी येतात. (आर्यन हे नाव नुसतं उदाहरणाला. पण दुकानात हाक मारली तर चार मुलं वळतील.) शर्यतीतला एक्स्पर्ट वेगळा, फ्रेमवरचा एक्स्पर्ट वेगळा. एका मापातून पुढच्या मापात जाताना नळी साधारण अर्धा इंच वाढते. आकड्यात क्षुल्लक वाटतं, उभं राहिल्यावर कळतं.

फ्रेम लांब झाली की काय होतं? मुलाचे हात सरळ ताणले जातात. कोपर वाकलेलं नसेल तर गेट पडताना हँडल ओढून घ्यायला जागाच उरत नाही, आणि शर्यतीचा निम्मा निकाल त्या पहिल्या चार पायडलांत लागतो. पुढे उंचवटे आले की पार्श्वभाग सीटच्या मागे नेऊन पुढचं चाक हलकं करायचं असतं. लांब फ्रेमवर मुलगा जेमतेम सीटपर्यंत पोचतो, चाक उचलत नाही, सायकल प्रत्येक उंचवट्यावर आपटत जाते. मग घरी चर्चा होते की कोच बदलावा का.

गेल्या वर्षी एक गृहस्थ खोका घेऊन आले. दहा वर्षांच्या मुलासाठी त्यांनी २४ इंची क्रूझर ऑनलाइन मागवली होती, आम्ही फक्त जोडून द्यायची होती. त्यांचा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. मुलांच्या साध्या सायकलींच्या तक्त्यात दहाव्या वर्षापुढे २४ इंची चाक सांगतातच. पण तो तक्ता साध्या सायकलीचा. शर्यतीच्या क्रूझरवर २४ हा आकडा फक्त चाकाचा असतो. त्या चाकावर लहान मुलाचीही फ्रेम येते आणि सहा फुटी माणसाचीही. खोक्यात निघाली प्रो. आम्ही म्हटलं, परत पाठवा. ते म्हणाले, स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा आखूड तुकडा) लहान लावून द्या, दोन वर्षांत वाढेल. लावून दिला. चार महिन्यांत सायकल गॅरेजमध्ये गेली. मुलाने २० इंचीवर शर्यती सुरू ठेवल्या, आणि क्रूझर त्याला आवडत नाही असं घरात ठरलं. आवडेल कशी?

स्टेमचा हिशेब सांगून ठेवतो, कारण हा उपाय सगळ्यांना सुचतो. शर्यतीचे स्टेम साधारण ४५ ते ६० मिलिमीटरचे. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खेळायला जागा १५ मिलिमीटर. अर्धा इंच म्हणजे जवळपास १३ मिलिमीटर. एक माप चुकलं तर स्टेम सावरून घेतो, दोन मापं चुकली तर सावरत नाही. आणि सावरलं तरी दोन्ही चाकांमधलं अंतर तेवढंच राहतं. ते स्टेमने बदलत नाही.

उलट चूकही होते, पण क्वचित. थोरल्याची छोटी क्रूझर धाकट्या काकांनी घेतली, असं काहीतरी. तिथे वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. २४ इंची चाक आणि आखूड फ्रेम असली की हे व्हायचंच. वळणाच्या बर्मवर, म्हणजे तिरक्या चढावर, बूट अडकला तर काय होतं, ते सविस्तर सांगायची गरज नसावी.

मग माप कुठलं? आमच्या अनुभवाचा अंदाज देतो. फ्रेमची नावं कंपनीगणिक सरकतात, म्हणून नावापेक्षा नळीचे इंच बघा. उंची पाच फूट ते पाच फूट पाच इंचांपर्यंत असेल तर एक्स्पर्ट क्रूझर, पाच-पाच ते पाच-नऊ प्रो, त्यापुढे प्रो एक्सएल. प्रो एक्सएल क्रूझरची नळी बावीस इंचांच्या आसपास जाते. पाच फुटांखालच्या मुलांसाठी छोट्या क्रूझर मिळतात, पण आमचा सल्ला असा की लहान मुलाची पहिली सायकल २० इंचीच असू द्या. चपळाई तीच शिकवते. क्रूझर दुसरी. तिशी-पस्तिशीनंतर पहिल्यांदा ट्रॅकवर उतरणाऱ्यांना आम्ही उलट सांगतो: थेट २४ घ्या. मोठं चाक खड्डा-उंचवटा मऊ करून घेतं, सायकल लांब असल्याने डगमगत नाही. वेग घ्यायला थोडी जड जाते, पण पन्नाशीच्या गटात हा तोटा सगळ्यांना सारखाच असतो. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर धाकटं माप घ्या. ‘जरा मोठंच द्या’ म्हणणाऱ्यांना आम्ही हे तीनदा सांगतो आणि चौथ्यांदा पावतीवर लिहून घेतो.

टायरचं एक

‘२४ चा टायर द्या’ एवढ्यावर आम्ही टायर देत नाही, त्याचा काहींना राग येतो. पुण्यात अठ्ठावीसचा टायर मागितला की दुकानदार देत असे, कारण अठ्ठावीस बाय दीड हाच तिथे सर्रास चालायचा. इथे चोवीस इंचाचे किमान तीन वेगवेगळे रिम फिरतात. २४ बाय १.७५ चा टायर ५०७ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो, आणि बहुतेक क्रूझरवर हाच असतो. २४ बाय १ १/८ हा हलक्या मुलांचा अरुंद टायर ५२० च्या रिमवर. आणि २४ बाय १ ३/८ बहुधा ५४० च्या रिमवर, तो व्हीलचेअरला आणि जुन्या धाटणीच्या सायकलींना येतो. दशांशाने लिहिलेलं आणि अपूर्णांकाने लिहिलेलं माप एकच समजू नका. २० इंचीतही तोच प्रकार: २० बाय १.७५ ला ४०६, २० बाय १ ३/८ ला ४५१. टायरच्या अंगावर बारीक अक्षरांत ‘४७-५०७’ असं छापलेलं असतं. त्यातला दुसरा आकडा फोटो काढून पाठवा. ५४० चा टायर ५०७ च्या रिमवर चढतो, आणि चढवताना इतका सोपा जातो की आनंद होतो. हवा भरली की तो उतरतो.

चाकं बदलून ५०७ ऐवजी ५२० लावायची असतील तर रिमची कड साडेसहा मिलिमीटर वर जाते, ब्रेकचे पॅड तेवढे सरकतात का ते आधी पाहावं लागतं. आम्ही पाहतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

गिअर

मुलाच्या २० इंचीवरचं ४४ दात पुढे, १६ मागे हे जुळणं काढून क्रूझरवर लावलं, आणि आता पाय भरून येतात, अशी तक्रार नेहमीची. गणित सोपं आहे. चाकाचे इंच गुणिले पुढचे दात भागिले मागचे दात. वीसला उत्तर येतं ५५, चोवीसला ६६. गेटवरून ६६ ओढायला मांड्या लागतात आणि त्या आपल्याकडे असतीलच असं नाही. क्रूझरवर साधारण तेवढाच जोर हवा असेल तर ३९ आणि १७ किंवा ४१ आणि १८ लावून बघा, दोन्ही पंचावन्नच्या आसपास येतात. पाय तयार झाले की एक दात वाढवू. क्रँक (पेडलची दांडी) मात्र १७५ किंवा १८० मिलिमीटरची लागते ती उंच माणसाला. मुलांना लांब क्रँक देऊ नका, ‘जोर जास्त मिळतो’ असं कुणी सांगितलं तरी.

आमच्या पद्धतीबद्दल

आम्ही मुलाला न बघता फ्रेमची ऑर्डर घेत नाही. फोनवर उंची सांगून चालत नाही, कारण एकाच उंचीच्या दोन मुलांचे हात सारखे नसतात. मापाला अर्धा तास लागतो. पेडल आडवे करून त्याला उभं करतो, गुडघे हँडलला लागतात का बघतो, मग मागच्या पार्किंगमध्ये तीनदा पुढचं चाक उचलायला लावतो. पाय टेकतात का, हे कधीच बघत नाही. मापाचे २५ डॉलर घेतो आणि फ्रेम आमच्याकडून घेतली तर ते बिलातून वजा करतो. ‘इंटरनेटवर तक्ता फुकट आहे’ असं एकाने सांगितलं. खरं आहे. त्याच तक्त्याने आलेल्या सहा फ्रेम आत्ता आमच्या भिंतीवर विक्रीला टांगलेल्या आहेत, जवळपास नव्या, आणि सहापैकी पाच मोठ्या मापाच्या. ज्यांना प्रो किंवा प्रो एक्सएल लागते त्यांनी त्या जरूर बघाव्यात, भाव चांगला लावलाय.

‘वाढत्या अंगाचं’ काय करायचं, हा प्रश्न आम्ही झटकत नाही. आमच्याकडून घेतलेली फ्रेम दोन वर्षांच्या आत लहान पडली तर परत घेतो आणि पुढच्या मापाच्या किमतीतून निम्मी रक्कम वजा करतो. तडा किंवा पोचा नसावा, एवढीच अट. चाकं, क्रँक, ब्रेक त्याच राहतात. हिशेब घरी मांडून बघा. दोन मापं मोठी घेऊन गॅरेजमध्ये ठेवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. क्रूझर मुळात आवडेल की नाही याचीच शंका असेल तर प्रो मापाची एक सायकल शनिवार-रविवार भाड्याने देतो. ती बाबांमध्येच जास्त लोकप्रिय आहे. रविवारी संध्याकाळी परत देताना चिखल धुवून द्यावा.

थँक्सगिव्हिंगला टल्साच्या ग्रँड नॅशनल्सला, म्हणजे यूएसए बीएमएक्सच्या सीझनअखेरच्या मोठ्या शर्यतीला, जाणार असाल तर नवी फ्रेम ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत ठरवा. नव्या लांबीची सवय व्हायला महिना तरी लागतो. आठवडाभर आधी आलात तर आम्ही सायकल जोडून देऊ, पण जुनीच घेऊन जा असंही सांगू.

येताना शर्यतीचे बूट आणा, चप्पल घालून माप होत नाही. जुनी सायकल असेल तर तीही गाडीत टाका, तिच्यावर मूल कसं उभं राहतं ते बघून अर्धं काम होतं. शनिवारी सकाळी आम्ही ट्रॅकवर असतो, दुकान दुपारी दोनला उघडतं.